देहातील वीणेचा पहारा

सज्जनहो, अखंड हरिनाम सप्ताह ज्याने गावात पाहिला आहे त्याला वीणेचा पहारा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सात दिवस वीणा भुईला टेकवायची नाही, हा नेम. मंडळी आपापले तास वाटून घेतात. रात्री दोनची पाळी असली तरी माणूस अंथरुणातून उठतो, हातपाय धुतो, आधीच्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतो, त्याच्या पाया पडतो, आणि नाम पुढे चालू राहते. गाव झोपते, वीणा झोपत नाही.

असाच एक पहारा तुमच्या-आमच्या देहात चालू आहे. तो सात दिवसांचा नव्हे. आईच्या पोटात चौथ्या आठवड्यात हृदयाचे ठोके सुरू होतात ते शेवटच्या घटकेपर्यंत. दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात. त्यातला एक तरी आपण आठवणीने पाडला आहे काय? आपण झोपलो, भांडलो, बाजारात गेलो, कीर्तनात डुलक्यादेखील घेतल्या. पहारा चुकला नाही. हा पहारा देतो कोण, कसा देतो, आणि त्यात आपल्या वाट्याला काम कोणते, एवढेच आज पाहायचे आहे.

आपण म्हणतो, ‘मी जेवलो.’ जेवलात, ठीक. घास उचलला, चावला, गिळला, इथवर तुमचे काम. पुढे त्या भाकरीचे काय झाले याची चौकशी कोणी करतो काय? उन्हातून देवळाच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात शिरलो की डोळ्याची बाहुली मोठी होते. तिला कोणी सांगितले? अंगाची लाही झाली की घाम येतो, गार वारा लागला की काटा येतो. बसलेला माणूस उभा राहिला की सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. तरी डोके फिरत नाही, कारण मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत रक्ताचा दाब ओळखणाऱ्या जागा आहेत. दाब उतरला, ही वर्दी तिथून क्षणात मेंदूकडे जाते, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय दोन पावले पुढे टाकते. हे सगळे होईपर्यंत आपले लक्ष कुठे असते? चप्पल सापडते का नाही याच्याकडे!

देहात मज्जातंतूंचा कारभार दोन प्रकारचा आहे. हात उचल, पाय टाक, टाळ वाजव, हा हुकमी कारभार. आपण म्हणावे आणि स्नायूंनी ऐकावे. दुसरा कारभार आपल्याला न विचारता चालतो. केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी १८९८ साली त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘आपला आपण चालणारा’. मराठीत त्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. नाव जड वाटले तरी वस्तू रोजच्या परिचयाची आहे.

आता तिची रचना पाहा. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे, हायपोथॅलॅमस. अंगाची ऊब, तहान, भूक यांचा हिशेब तिथे राहतो. त्याच्या खाली मेंदूचा देठ. श्वास आणि हृदय यांची चौकी तिथली. या वरच्या कचेरीतून खाली दोन शाखा निघतात.

पहिली शाखा अनुकंपी. तिचे तंतू पाठीच्या कण्यातून, छातीच्या मणक्यांपासून कमरेच्या वरच्या दोन मणक्यांपर्यंतच्या भागातून बाहेर पडतात. कण्याच्या दोन्ही बाजूंना मज्जापेशींच्या लहान लहान गाठींची एकेक माळ आहे, कवटीच्या तळापासून थेट माकडहाडापर्यंत. आणि खाली माकडहाडासमोर त्या दोन्ही माळा एकाच गाठीत येऊन मिळतात, जसे माळेचे दोन पदर मेरुमण्यापाशी मिळावेत. ज्याने गळ्यात तुळशीची माळ घातली त्याच्याही पाठीत ही माळ आहे आणि ज्याने घातली नाही त्याच्याही आहे. निरोप या माळेत बहुधा एकदा हात बदलतो: कण्यातून आलेला तंतू गाठीपाशी थांबतो, निरोप दुसऱ्या तंतूच्या हवाली करतो, आणि तो दुसरा हृदयाला, आतड्याला, घामाच्या ग्रंथीला जाऊन पोचतो. पहाऱ्यात वीणा हातोहात जाते तसेच.

दुसरी शाखा परानुकंपी. ती दोन टोकांकडून निघते: वर मेंदूच्या देठातून आणि खाली कमरेच्या तळच्या त्रिकास्थीतून. वरचे काही तंतू डोळ्याला आणि लाळेच्या ग्रंथींना जातात. खालचे मूत्राशय व मलाशय सांभाळतात. पण या शाखेचा खरा मानकरी म्हणजे व्हेगस हा मज्जातंतू. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भटकणारा’. आम्ही त्याला वारकरीच म्हणू! डोक्यातून निघतो, मानेतून मोठ्या धमनीच्या सोबतीने उतरतो, हृदयाला भेटतो, फुप्फुसांना भेटतो, जठराला भेटतो आणि आतड्यांत बऱ्याच खोलवर जातो. याची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या पाच तंतूंपैकी सुमारे चार तंतू वरून हुकूम घेऊन जात नाहीत, तर खालची खबर वर नेतात. म्हणजे सांगणे थोडे, ऐकणे फार. आमच्यासारख्या बोलघेवड्या माणसांनी आपल्याच देहाकडून एवढे शिकले तरी पुरे.

या दोघांशिवाय आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतंत्र जाळेच आहे, कोट्यवधी पेशींचे. वरचा संबंध तुटला तरी ते घास पुढे ढकलण्याचे काम आपल्यापुरते चालू ठेवते.

आता या शाखांचे काम. पालखीबरोबर दिवे घाट चढताना काय होते ते आठवा. हृदय जलद चालते, श्वासनळ्या मोकळ्या होतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, पायांच्या स्नायूंना रक्त जास्त मिळते, अंग घामाने भिजते, आणि पोटाला सांगितले जाते, ‘तू जरा थांब.’ हे अनुकंपीचे काम. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी आहेत, त्या ॲड्रेनलिन नावाचा रस रक्तात सोडून तिला हातभार लावतात. अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली हीच तयारी ‘लढा नाहीतर पळा’ या शब्दांत मांडली. मग मुक्काम येतो. पंगत बसते, तोंडाला पाणी सुटते, ठोके मंदावतात, पोट कामाला लागते, डोळा लागतो. हे परानुकंपीचे काम.

मात्र एक गैरसमज नको. एक झोपला की दुसरा उठला, असे या दोघांचे नाही. इथे आमचा पाळीचा दृष्टांत अपुरा पडतो. दोघेही सतत जागे असतात. एकाचा लगाम सैल तर दुसऱ्याचा ताठ, एवढाच फरक. हृदयाला मोकळे सोडले तर ते मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देते. आपली नाडी बसल्या जागी सत्तरच्या आसपास लागते ती व्हेगसने लगाम धरून ठेवल्यामुळे. याची साक्ष पाहा. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत प्रथम बसवले. असे बसवलेले हृदय मज्जातंतू तुटलेले असूनही चालते, कारण ठोका देण्याचा स्वभाव त्याचा स्वतःचा आहे. पण विश्रांतीतही ते इतरांच्या हृदयापेक्षा जलद चालते, कारण लगाम धरणारा हात सुटलेला असतो.

आणि हा लगाम ओढला जातो तरी कसा? ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. मज्जातंतू हृदयाला निरोप देतो तो विजेसारखा की एखाद्या रसाच्या द्वारे, हा त्या काळचा वाद. एका रात्री स्वप्नात त्यांना प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी कागदावर खरडले, आणि सकाळी आपलेच अक्षर त्यांना लागेना! दुसऱ्या रात्री तेच पुन्हा सुचले. या वेळी ते उठले आणि तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्याचा व्हेगस चेतवला, ते मंदावले. त्याच्याभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडले, तर तेही मंदावले. म्हणजे निरोप रसातून जातो. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला, तो रस म्हणजे ॲसिटिलकोलीन हे पुढे ठरले, आणि १९३६ साली लोवी यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढा मोठा विद्वान; पण त्याला प्रयोग सुचला तो झोपेत, आणि तो झोपेत असताना त्याचे स्वतःचे हृदय सांभाळणारा व्हेगस जागाच होता. विद्वत्तेला कमीपणा येतो असे आम्ही म्हणत नाही. रात्री उठून प्रयोगशाळेपर्यंत जाणे हे त्यांचे कष्ट खरेच. पण ‘मी केले, मी केले’ म्हणताना ‘मी’च्या मागे न मागता किती जणांनी काम केलेले असते, हे विसरू नये. जो आपल्या भाकरीच्या पचनाचाही कर्ता नाही, त्याने कशाचा गर्व धरायचा? संतांनी कर्तेपण देवाच्या पायी ठेवायला सांगितले. ते फार मोठ्या तपाने साधते असे नव्हे. एक घास गिळून पुढे काय होते याचा विचार केला तरी निम्मे काम होते.

इथे कोणी शंका काढील: ‘महाराज, सगळे आपोआप चालते तर आम्ही काही करायलाच नको. विठ्ठल बघून घेईल!’ बाबांनो, हाच तर घोटाळा आहे. भरवसा आणि हयगय ही दोन्ही वरून सारखी दिसतात. पहारेकरी जागा आहे म्हणून त्याच्या अंगावर दगड टाकावेत काय? आपल्या हाती थोडे आहे, पण जे आहे ते आपलेच आहे.

पहिले, राग. कॅनन यांनी १८९० नंतरच्या दशकात मांजरांवर क्षकिरणांचे प्रयोग केले. जेवलेल्या मांजराच्या जठराच्या लाटा दिसत. मांजर चिडले की लाटा थांबत, शांत झाले की पुन्हा सुरू. माणसाचे निराळे नाही. पानावर बसून भाऊबंदकी उकरून काढली की पोट म्हणते, ‘आधी तुमचे आटपू द्या.’ ज्याच्यावर आपण रागावलो तो घरी जाऊन जेवून झोपलेला असतो; धावत असते ते आपले हृदय. लढायलाही नाही, पळायलाही नाही, नुसतेच बसल्या जागी! जेवताना देवाचे नाव घेण्याची चाल ज्यांनी घातली, त्यांनी जठर पाहिले नसेल, पण माणूस पाहिला होता.

दुसरा श्वास. आपोआप चालणारा आणि हुकमाने चालणारा असा दुहेरी कारभार श्वासाचा आहे. झोपेत तो आपला आपण चालतो. जागेपणी तो लांबवता येतो. देहाच्या या बंद वाड्याला आपल्या हाताला लागणारे हे एक दार आहे. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. २००१ साली इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर एक पाहणी प्रसिद्ध केली. ख्रिस्ती लोक जपमाळेवर लॅटिन प्रार्थना म्हणतात ती, आणि बौद्धांचा एक मंत्र, दोन्ही म्हणवून घेतले. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या त्या मानेतल्या वर्दीचे काम अधिक चपळ झाले. एरवी माणूस मिनिटाला बारा ते सोळा श्वास घेतो.

हे ऐकून काही जण हर्षाने म्हणतील, ‘बघा, आमचे नाम शास्त्राने सिद्ध झाले!’ आम्ही म्हणतो, जरा सबूर. त्या पाहणीत दोन निराळ्या धर्मांच्या शब्दांनी एकच फळ दिले. मज्जातंतूंनी ‘हे नाव कोणाचे’ असे विचारले नाही. श्वास लांब झाला की नाही एवढेच पाहिले. म्हणजे नाडी शांत होणे हे श्वासाचे फळ आहे. नामाचे फळ प्रेम, आणि ते नाडीत मोजता येत नाही. रक्तदाब उतरावा म्हणून जो नाम घेतो, त्याने औषधाची बाटली समजून वीणा गळ्यात घातली. देवाला असे वापरू नये. आणि उलट, नाम घेतो म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी जो टाकतो, तो नामावर नसते ओझे लादतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्यासाठीच हा लेखनप्रपंच. देहातला पहारेकरी स्वतःच आजारी पडू शकतो. वर्षानुवर्षे रक्तातली साखर वाढलेली राहिली की हे स्वायत्त तंतू झिजतात. मग उभे राहिल्यावर रक्तवाहिन्या वेळेवर आवळल्या जात नाहीत, डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब वीस अंकांनी किंवा खालचा दहा अंकांनी उतरला, तर तो दोष समजतात. पोट वेळेवर रिकामे होत नाही. पायांना घाम येत नाही, कातडी कोरडी होऊन भेगा पडतात. त्यातच संवेदना गेलेली असली तर खडा रुतलेला कळत नाही. आणि सर्वांत घातक म्हणजे हृदयाला रक्त कमी पडले तरी छातीत कळ येत नाही. वर्दीच पोचत नाही! नुसता दम लागतो, गार घाम येतो, मळमळते, अचानक गळून गेल्यासारखे वाटते. लोक म्हणतात, ‘उन्हाचे झाले असेल, पित्त असेल, पुढच्या विसाव्याला बरे वाटेल.’ मधुमेह असलेल्या वारकऱ्याच्या बाबतीत हे शब्द जिवावर बेतू शकतात. छातीत दुखत नाही हा त्याच्यासाठी भरवसा नव्हे. त्याला चालवू नका, त्याच जागी बसवा, आणि वाटेवरच्या वैद्यकीय पथकाला किंवा रुग्णवाहिकेला ताबडतोब बोलवा.

तशीच साखरेची दुसरी बाजू. साखर फार उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो. हीदेखील अनुकंपीचीच हाक. जुन्या मधुमेहात ही हाक मंदावते. हृदयाची गती आवरणाऱ्या काही गोळ्यांनी थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम तेवढा येतो. म्हणून इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने एकादशीचा उपास कसा करावा हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि खिशात साखर ठेवावी. उपास मोडला तर देव रागावेल असे ज्याला वाटते, त्याने देवाला ओळखले नाही असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

आणखी एक. दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहून माणूस कधी एकदम पांढरा पडतो आणि कोसळतो. पुष्कळदा हे व्हेगसने लगाम एकदम ओढल्यामुळे आणि रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे होते. आपली मंडळी काय करतात? दोघे बगलेत धरून त्याला उभा करतात! असे करू नका. तिथेच आडवा निजवा, पाय जरा उंच करा, भोवतीची गर्दी हटवा. डोक्याकडे रक्त आले की बहुधा तो लवकरच डोळे उघडतो. मिनिटाभरात शुद्धीवर आला नाही तर वेळ न दवडता डॉक्टर बोलवा.

दिंडीतल्या तरुणांना आमचे हात जोडून सांगणे आहे. पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला वीट दिली, पण आईबापांच्या सेवेतून हात काढला नाही. तुमच्या दिंडीत सत्तरीची माउली असेल, तिला पहाटे उठताना घाई करू नका. आधी बसू दे, पाय हलवू दे, घोटभर पाणी पिऊ दे, मग हात देऊन उभी करा. तिच्या गोळ्यांची पुडी सामानाच्या ट्रकात राहू देऊ नका, तिच्या पिशवीतच असू द्या. रात्री मुक्कामाला कंदील म्हणा, मोबाइलची बत्ती म्हणा, जवळ घेऊन तिचे तळवे एकदा पाहा. पाय चेपण्याची रीत आपल्यात आहेच. त्यात पाहणे एवढे वाढवा.

असो. वीणेच्या पहाऱ्याला एक नियम असतो: ज्याची पाळी नसेल त्याने निवांत झोपावे, पण ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याला तहान लागली तर पाणी मात्र द्यावे. देहातल्या पहारेकऱ्याच्या बाबतीत आपले काम एवढेच आहे. वीणा त्याने धरली आहे. पाण्याचा तांब्या आपल्या हाती आहे. देवाने दिलेली ही चाकरीची वस्तू पंढरीला नीट पोचवावी, नीट परत आणावी, आणि पुढच्या आषाढीला पुन्हा घेऊन जावी.

रामकृष्णहरि.